आडोसा की नुसता देखावा?

महोदय,

मध्यंतरी एका रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला गेलो होतो. बाह्यरुग्ण विभाग चालू आणि शेजारीच फरशी कापायचं काम. मध्ये आडोसा म्हणून सुतळीने बांधलेली ताडपत्री, खालून चांगली वीतभर उघडी. केसपेपरच्या गठ्ठ्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढा पांढरा थर.

फरशी किंवा काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका, म्हणजे वाळू-दगडात असणारं खनिज, असते. ती श्वासावाटे सतत फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच सांगितलं आहे. कामगार तर दिवसभर त्यातच असतात.

काही ठिकाणी जिप्सम बोर्डाची तात्पुरती भिंत घालतात. ताडपत्रीपेक्षा बरी, पण काम संपलं की फोडून राडारोड्यात, आणि फोडताना पुन्हा धूळ! त्यापेक्षा एकमेकांत अडकणारे, ॲल्युमिनियमच्या चौकटीचे पॅनेल मिळतात. ते पुसून पुढच्या कामावर नेता येतात. मात्र सांधे आणि जमिनीलगतची फट बंद व्हायलाच हवी. आतली हवा हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवणारी गाळणी) लावलेल्या पंख्याने ओढून बाहेर सोडली, तर दार उघडलं तरी धूळ बाहेर न येता हवाच आत खेचली जाते. आणि हो, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट या पॅनेलांनी अडवू नये.

निविदेत बहुधा 'आडोसा करणे' एवढंच असतं. तो कसला, हे लिहायला दोन ओळी पुरतील.

– एक वाचक