गाठ एकच, रिपोर्ट दोन

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या वर्षी वहिनीच्या छातीत गाठ लागली म्हणून मिरजेत सोनोग्राफी केली. रिपोर्टवर बायरॅड्स (गाठ किती संशयाची ते सांगणारी ठरलेली श्रेणी) ३, म्हणजे बहुतेक साधी गाठ, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी परत दाखवा. कुणालाच चैन पडेना म्हणून आठवड्याभरात सांगलीत दुसरीकडं केली तर तिथं ४ ए, म्हणजे शक्यता २ ते १० टक्के, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) करा. बाई तीच, गाठ तीच! शेवटी बायोप्सी केली, फायब्रोअ‍ॅडेनोमा म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ निघाली, सुटलो.

डॉक्टरांना दोष देत नाही. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पंधरा वर्षं काढलीत, एकाच ढिगावर दोन व्यापारी एक भाव बोलत नाहीत, शंका आली की हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, बायोप्सी म्हणजे तेच की. शिवाय सोनोग्राफीत अंगावर फिरवायचा प्रोब कसा धरला त्यावर पण चित्र बदलतं.

आता कॉम्प्युटर मदतीला येतोय. नवी गाठ दाखवली की बायोप्सी झालेल्या जुन्या गाठींमधून हिच्यासारख्या दिसणाऱ्या काढून तो डॉक्टरांपुढं ठेवतो. आयडिया झकास आहे, पण ‘सारखी’ म्हणजे काय हे त्याला शिकवणार कोण, डॉक्टरच ना? एक आकार बघणार, दुसरा कड बघणार, तिसरा गाठीमागं सावली पडते का ते, आणि कडेच्या बाबतीत तर अनुभवी रेडिऑलॉजिस्टांचं (असे फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांचं) पण एकमत होत नाही. म्हणून आधी त्यांचीच परीक्षा घ्यावी लागते, गाठींच्या फोटोंच्या त्याच जोड्या चौघांना दाखवून सारख्या आहेत का विचारायचं, न सांगता काही आठवड्यांनी त्याच परत त्याच डॉक्टरला. किती वेळा जुळलं याचे नुसते टक्के मोजून भागत नाही बरं का, दोन डॉक्टर बहुतेक वेळा ‘सारखी’च म्हणत असतील तर योगायोगानंपण जुळतं. तो योगायोग वजा करायला कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली कप्पा नावाचं माप दिलंय, १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे नुसता योगायोग.

तर असं मशीन आपल्याकडं येईल तेव्हा ते किती जणांच्या नजरेवर शिकलंय आणि त्यांचा कप्पा किती होता हे विचारा एवढंच म्हणणं. आणि सेंटरवाल्यांनी फोटो पेनड्राइव्हवर द्यावेत, वहिनीच्या पहिल्या रिपोर्टचा थर्मल कागद आत्ताच निम्मा उडालाय, तिसऱ्या डॉक्टरला दाखवायचं काय?

आपला,
एक वाचक, सांगली