महापालिकेच्या तक्रारींनाही लोकपाल हवा

महोदय,

बँकेने चुकीने कापलेल्या शुल्काबाबत ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. वीजबिलाचा वाद वितरण कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे सुटला नाही, तर २००३ च्या विद्युत कायद्याने विद्युत लोकपालाची सोय केलेली आहे. रस्ता, गटार, पाणी अशा रोजच्या नागरी तक्रारींसाठी मात्र ठाणे-नवी मुंबईकरांच्या हाताशी असा कोणी त्रयस्थ नाही.

एक उदाहरण देतो. गटाराचे झाकण तुटल्याची तक्रार ऑनलाइन नोंदवल्यावर मोबाइलवर ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला. सोबत जोडलेल्या छायाचित्रात झाकण नवे कोरे होते, फक्त ते आमच्या गल्लीतले नव्हते. आमच्या गटारावर तेव्हाही झाडाची फांदी खोचलेली होती. पुन्हा विचारणा केल्यावर तो भाग आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे कळवण्यात आले. अखत्यारीत नव्हता, तर ती निकाली कशी निघाली, हे कोणाला विचारायचे? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच ती बंद करतो, हे खरे दुखणे आहे.

लोकायुक्त आहेत ना, असे कोणी म्हणेल. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून आपल्याकडे ही संस्था आहे आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांइतकीच प्रशासकीय गाऱ्हाणीही तिच्या कक्षेत येतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पण लोकायुक्तांचा भर शिफारशीवर. ती मानली गेली नाही, तर राज्यपालांना विशेष अहवाल पाठवायचा. एका झाकणासाठी राज्यपालांपर्यंत जावे, हे काही खरे नव्हे. नव्या लोकायुक्त विधेयकाच्या चर्चेतही सारा भर मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणण्यावर राहिला. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने दाखले आणि परवानग्यांना मुदत घातली खरी, परंतु तो केवळ अधिसूचित सेवांपुरता आहे.

केरळने पंचायती व पालिकांसाठी वेगळा लोकपाल दोन दशकांहून अधिक काळ चालवला आहे. तशीच नेमणूक येथे करताना त्याच्या कक्षेत दोन्ही महापालिकांबरोबर सिडको, एमआयडीसी आणि एमएमआरडीए या राज्य सरकारच्या विकास यंत्रणाही असाव्यात, कारण आपल्याकडचे निम्मे वाद हद्दीचेच असतात. घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांवरून यंत्रणांची टोलवाटोलवी ठाणेकरांनी पुष्कळ पाहिली आहे. मूळ नस्ती (फाइल) मागवण्याचा आणि मुदत घालून आदेश देण्याचा अधिकार त्याला हवा, शिवाय ती व्यक्ती याच यंत्रणांतून निवृत्त झालेली नसावी.

कायदा होण्यास वेळ लागणार, हे उघड आहे. तोवर तक्रारदाराने होकार दिल्याखेरीज तक्रार ‘निकाली’ दाखवता येणार नाही, एवढा बदल आयुक्तांना परिपत्रक काढूनही करता येईल.

— एक वाचक, घणसोली