मिस्त्रीकाका, दार हललं नाही!

प्रिय मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

शेवटच्या प्रयोगानंतर तुम्हाला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं आमचं ठरलं होतं. तुम्हाला कुठून सुगावा लागला कोण जाणे, पडदा पडायच्या आधीच तुम्ही हत्यारांची पिशवी उचलून पसार झालात. वर दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणालात, ‘ठाण्यात थंडी खंय पडता? शाल घेवन काय करू?’ नारळाला मात्र नाही म्हणाला नाहीत, म्हणून तो घरी पोचवला. राहिले ते आभार. ते आता असे चारचौघांत मानते, म्हणजे तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

आमचं मंडळ म्हणजे नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करणारी माणसं. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात प्रयोग लावायचा तर नुसतं भाडं भरून भागत नाही. सेट, टेम्पो, लाइटवाला, बॅकस्टेजची माणसं, सगळ्यांचे पैसे मोजायचे. शिवाय आधीच्या सत्राचा प्रयोग लांबला की आपला सेट लागेपर्यंत प्रेक्षक दारात उभे. म्हणून यंदाची तिन्ही नाटकं आम्ही नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात करायची ठरवली. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना मध्येच वळणारा. मुख्याध्यापिकाबाईंची अट एकच, पण जबर: स्टेजला आणि भिंतीला एकही खिळा मारायचा नाही.

तुम्ही आलात ते नातीला बालनाट्याच्या तालमीला सोडायला. मागच्या बाकावर बसून आमची चर्चा ऐकलीत आणि जाताना एवढंच विचारलंत, ‘जिन्याची रुंदी किती?’ ती आमच्यापैकी कोणीच मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही टेप घेऊन आलात.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतशाळेत, तुम्ही लाकडी पॅटर्न करत होतात, ज्या नमुन्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न त्या हिशेबाने किंचित मोठा करावा लागतो. एका सुताचा फरक पडला तरी अख्खं ओतकाम भंगारात. असा माणूस आमच्या सेटला लाभला आणि आम्ही त्याला सांगत होतो, ‘काका, थोडं इकडेतिकडे चालेल, लांबून दिसत नाही.’ तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत.

वागळेतल्या कंपन्यांनी टाकून दिलेलं पॅकिंगचं पाइन लाकूड, त्याच्या चौकटी, वर ताणून बसवलेलं मांजरपाट. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलंत, कीड लागू नये म्हणून. जिन्याच्या वळणातून जावा म्हणून प्रत्येक फ्लॅट, म्हणजे सेटची कापडी भिंत, दोन तुकड्यांचा केलात आणि जोडायला अशा बिजागऱ्या लावल्यात की वरून पिन सोडली की भिंत उभी, पिन काढली की भिंत दोन तुकड्यांत सुटी होऊन काखेत. स्टेजला एक खिळा लागला नाही. बाई स्वतः वाकून बघून गेल्या.

पण मला खरं लिहायचंय ते दाराबद्दल.

पहिलं नाटक तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. 1967 साली सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली नायिका, बेणारे, ज्यांनी पाहिली, ते अजून तिच्याबद्दल बोलतात; त्यामुळे आमच्या बेणारेला आधीच धडकी भरली होती. आम्ही तिच्या शेवटच्या स्वगताच्या मागे. तुम्ही मात्र संहिता मागून नेलीत, चष्मा लावून अख्खी वाचलीत आणि पेन्सिलीने दोन जागी खूण करून परत आणलीत. सुरुवातीला बेणारेचं बोट कडीत चेमटतं आणि गावातला सामंत सांगतो की कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं, ही पहिली खूण. पुढे गंमत म्हणून तिच्यावरच मांडलेला खटल्याचा खेळ अंगावर येतो, ती पर्स उचलून निघते आणि दार उघडत नाही, ही दुसरी. ‘ह्या बाईचा सगळा त्या कडीवर आसा,’ तुम्ही म्हणालात. ‘दार हलला, तर लोक हसतले.’

आमच्या दिग्दर्शकाने त्या रात्री तो प्रवेश पुन्हा बसवायला घेतला. तोवर दार म्हणजे त्याच्या लेखी फ्लॅटला पाडलेलं एक भोक होतं.

नौपाड्यात रिडेव्हलपमेंटला गेलेल्या एका इमारतीचं सागवानी दार तुम्ही भंगारवाल्याकडून आणलंत. वजन जिन्याला झेपेना, म्हणून आतल्या फळ्या काढून प्लाय बसवलात, पण जुनी लोखंडी कडी तशीच ठेवलीत. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. चौकटीला मागून तिरके टेकू दिलेत आणि टेकूंच्या पायाशी बासमतीच्या रिकाम्या पिशव्यांत रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, भरून ठेवलंत. आणि मागच्या बाजूला एक लाकडी फिरकी! ठरलेलं वाक्य आलं की विंगेतल्या पोराने ती आडवी करायची, शेवटी बाहेरची माणसं दार उघडून डोकावतात त्याआधी उभी करायची. एवढंच काम, पण त्या पोराला तुम्ही ते असं शिकवलंत की तो जेवतानासुद्धा संवाद पुटपुटायचा.

प्रयोगात आमच्या बेणारेने दोन्ही हातांनी दार ओढलं. तालमीत कधी ओढलं नव्हतं इतक्या जोरात. दार जागचं हललं नाही. नंतर रंगपटात ती म्हणाली, ‘मला खरंच वाटलं, आता हे उघडणार नाही.’ तिच्या त्या क्षणाचं वर्तमानपत्रात कौतुक आलं, तिच्या नावाने आलं आणि ते योग्यच. पण तुमचं नाव आमच्या पत्रकावर ‘नेपथ्य साहाय्य’ या ओळीत सर्वांत बारीक अक्षरात गेलं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. हौशी मंडळींत हे नेहमीचंच आहे, आणि ते बदलायला हवं.

बालनाट्याला तेच फ्लॅट उलटे करून जंगल केलंत. मुलांनी पानं रंगवली, तुम्ही फक्त ब्रश धुतलेत. तिसऱ्या खेपेच्या एकांकिकांना आम्ही तीन लेव्हल, म्हणजे उंच चौथरे, मागितल्या, तर म्हणालात, ‘आमच्या दशावताराक एक बाकडा पुरता. तुमका ह्या सगळा कित्याक होया?’ आम्ही हट्टाने एक लेव्हल करून घेतली. ती वापरलीच गेली नाही; बाकड्यावर अख्खी एकांकिका झाली.

पैशांचं बोलायला गेलं की तुम्ही सामानाची बिलं पुढे करत होतात, स्क्रूच्या पाकिटासकट. मजुरीचा आकडा शेवटपर्यंत सांगितला नाहीत. तो विषय मी सोडलेला नाही, काकूंशी बोलणार आहे.

आता एक अडचण. फ्लॅट आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली उभे आहेत आणि सेक्रेटरींनी दोनदा विचारलंय. घोडबंदर रोडला आमच्या एका सभासदाचा गाळा रिकामा आहे, पण पावसाळ्यात तिथे ओल येते. मांजरपाटाला ते चालेल का? नसेल तर कापड काढून नुसत्या चौकटी ठेवायच्या का? रविवारी सकाळी घरी असाल तर येते. दाराला मात्र कोणी हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय.

तुमची,
तालमीत सगळ्यांना ‘आधी हातपाय धुवा’ म्हणणारी,
मंडळाची चिटणीस