'लॉस्ट'चा शेवट दगा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीतला गूढ मालिकांच्या शेवटांवरचा लेख वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. लेखात म्हटलंय की 'लॉस्ट'ने (विमान पडून एका गूढ बेटावर अडकलेल्या प्रवाशांची ती अमेरिकन मालिका) सहा सीझन कोडी घातली आणि उत्तरं द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना चर्चमध्ये नेऊन गळाभेटी घडवल्या, म्हणजे मालिका स्वतःशीच प्रामाणिक राहिली नाही. मला हे अजिबात पटलं नाही.

आधी एक गैरसमज, जो लेखातही डोकावतोय. विमान पडलं तेव्हाच सगळे मेले होते, असं नाहीये हो. मालिकेचा नायक जॅक, त्याचे आधीच वारलेले वडील त्याला शेवटी चर्चमध्ये स्पष्ट सांगतात की जे घडलं ते खरंच घडलं, कोणी त्याच्या आधी गेलं, कोणी त्याच्यानंतर खूप वर्षांनी. २३ मे २०१० ला एबीसी या अमेरिकन चॅनलवर शेवटचा भाग लागला तेव्हा नावं सरकत असताना किनाऱ्यावर पडलेले विमानाचे तुकडे दिसत होते, माणूस एकही नाही, आणि ते बघून लाखो लोकांनी भलताच अर्थ काढला. ती दृश्यं चॅनलने जोडलेली होती, लेखकांनी नाही. मी मालिका दुसऱ्यांदा मुलीबरोबर बघितली तेव्हा तिनेही हाच प्रश्न विचारला आणि मी तो चर्चमधला संवाद तिला परत लावून दाखवला.

आता मुद्द्यावर येते. दुसऱ्या सीझनमधलं ते बटण आठवा. जमिनीखालच्या खोलीत बसून दर १०८ मिनिटांनी ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे टाइप करायचे आणि बटण दाबायचं, नाहीतर जगाचं काही खरं नाही (आकड्यांची बेरीजही १०८च येते, करून बघा). जॅकबरोबर बेटावर अडकलेल्या लॉकचा त्यावर विश्वास, जॅकचा नाही, आणि दोघं त्यावरून किती भांडतात! मग लॉकचाच विश्वास उडतो, तो कॉम्प्युटर फोडतो, लोखंडी वस्तू एकेक करून भिंतीकडे ओढल्या जायला लागतात आणि तो म्हणतो की माझं चुकलं. त्या क्षणीचा त्याचा चेहरा मी विसरूच शकत नाही. चुंबकीय शक्तीबद्दल मालिकेने तेव्हाही दोनचार वाक्यांत भागवलं होतं, पण विश्वास उडालेल्या माणसाचं काय होतं ते मात्र अगदी जवळून दाखवलं. म्हणजे ही मालिका पहिल्यापासून अशीच होती.

आणि शेवटी काय होतं? बेटाच्या पोटातल्या प्रकाशाच्या गुहेतला दगड डेस्मंड (लॉकच्या आधी ते बटण दाबत बसणारा) उपटतो, बेट हादरायला लागतं आणि तो दगड परत जागेवर बसवायला स्वतः जॅक खाली उतरतो. तो प्रकाश नक्की काय आहे हे त्याला कोणी पटवून दिलेलं नाहीये. जो बटणावरून लॉकशी हमरीतुमरीवर यायचा तोच आता लॉकचं काम करतोय, जिवावर उदार होऊन! मला तर हा सरळ त्या बटणाचाच शेवट वाटतो, आणि याहून प्रामाणिक शेवट मला तरी सुचत नाही. शवपेटीचंही तेच. पहिल्या सीझनमध्ये जॅकला बेटावर वडिलांची शवपेटी सापडते, उघडतो तर रिकामी, मग तो ती रागाने फोडून टाकतो. शेवटच्या भागात तो तशीच पेटी उघडतो, पुन्हा रिकामी, फक्त या वेळी वडील मागे उभे असतात.

चूक झालीच नाही असं मी म्हणत नाही. ती सहाव्या सीझनभर झाली. पाचव्याच्या शेवटी बॉम्ब फुटतो आणि सहाव्याच्या सुरुवातीला विमान पडतच नाही, बेट समुद्राच्या तळाशी दिसतं, तेव्हा बॉम्बमुळे दुसरा इतिहास तयार झालाय असंच कोणालाही वाटणार. अख्खा सीझन आपण तेच गणित सोडवत बसलो आणि उत्तर निघालं की विमान न पडलेलं ते जग म्हणजे मेल्यानंतर एकमेकांना भेटायची जागा आहे. प्रेक्षकाला असं भलतीकडे पळवायला नको होतं, तिथे लोकांचा राग मला समजतो. आणि वॉल्ट! पहिल्या सीझनमध्ये त्या मुलाभोवती केवढं वलय उभं केलं होतं, आणि त्याला चर्चमध्ये एक जागा मिळू नये याचं मला आजही वाईट वाटतं.

लेखकाला एकच विनंती, पहिला भाग आणि शेवटचा भाग एकापाठोपाठ एक बघा. बांबूच्या बनात जॅकचा डोळा उघडतो, कुत्रा जवळून पळत जातो, एका बांबूला पांढरा बूट लटकतोय. शेवटी जॅक त्याच बनात लडखडत येतो, वरून विमान जातं, तो हसतो, कुत्रा येऊन त्याच्या शेजारी पडतो आणि डोळा मिटतो. बूट तिथेच आहे, फक्त जुना झालाय.

आपली,
एक वाचक