आई-बाबा, १३ आठवड्यांसाठी टूसॉनला जातेय

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर मी नर्सच्या कॉन्ट्रॅक्टवर ॲरिझोनात टूसॉनला जातेय म्हटलं आणि बाबा तुम्ही एकदम गप्प झालात, आई तू घाईघाईने दुसराच विषय काढलास, तेव्हापासून मला चैन नाहीये. फोनवर तुटक तुटक बोलून अजून गैरसमज होतात म्हणून सगळं लिहूनच पाठवते, दोघांनी मिळून निवांत वाचा.

आधी तुमच्या मनातलं सांगते. मला कोणी कामावरून काढलेलं नाही. मी स्वतःहून पर्मनंट जागा सोडली आणि ह्यूस्टनच्या त्याच हॉस्पिटलमध्ये पीआरएन झाले, म्हणजे मी असेन तेव्हा आणि त्यांना गरज असेल तेव्हा शिफ्ट करायची, त्यामुळे परत यायचं दार उघडं आहे. ट्रॅव्हल नर्स म्हणजे जिथे नर्सेस कमी पडतात तिथे ठराविक काळासाठी जाणारी नर्स, कोणी बाळंतपणाच्या रजेवर असतं, कुठे थंडीत पेशंट वाढतात, नवीन माणसं मिळेपर्यंत आम्ही जातो. माझं कॉन्ट्रॅक्ट १३ आठवड्यांचं, आठवड्याला १२ तासांच्या ३ नाइट म्हणजे ३६ तास, एकूण ३९ रात्री. पगार हॉस्पिटल नाही, आम्हाला तिथे पाठवणारी एजन्सी देते. ग्रीन कार्ड आहे म्हणून हे जमतंय, नोकरीला बांधलेल्या व्हिसावर असते तर विचारच करता आला नसता.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या टेलिमेट्रीला, म्हणजे पेशंटच्या हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात त्या वॉर्डला, एक ट्रॅव्हलर आली होती, पन्नाशीची असेल, पहिल्याच रात्री तिने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही आणि मला विचारलं क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या सामानाची गाडी, कुठे आहे, मग औषधांचं मशीन, मग कोड, म्हणजे हृदय बंद पडलं की धावत येणारी टीम, बोलवायचा नंबर. तो नंबर तिने पांढऱ्या टेपवर लिहून बॅजच्या मागे चिकटवला. त्याच रात्री तीन वाजता माझ्या पेशंटच्या हृदयाचा रिदम बिघडला आणि मी बेडपाशी पोचेपर्यंत ती कार्ट घेऊन आली होती, ज्या वॉर्डात ती जेमतेम आठ तास होती तिथे! मी चार वर्षं त्याच कॉरिडॉरमध्ये काम केलंय, डोळे मिटून चालू शकते, पण अनोळखी जागी मला हे जमेल का हा प्रश्न तेव्हापासून आत बसलाय आणि मला त्याचं उत्तर हवंय.

बाबा, आता तुमचा विषय, पैसे. आकडा मोठा दिसतो पण तो दोन भागांत असतो. तासाचा पगार, ज्यावर टॅक्स लागतो, तो बऱ्यापैकी कमी असतो आणि वर राहण्या-जेवणाचा स्टायपेंड मिळतो. स्टायपेंडवर टॅक्स नाही, पण कधी, तर तुमचं खरंच कुठेतरी घर असेल, त्याचा खर्च तुम्ही भरत असाल आणि कामासाठी दुसरीकडे तात्पुरतं राहत असाल तर. टॅक्स होम म्हणतात त्याला. म्हणून मी ह्यूस्टनचं अपार्टमेंट सोडत नाहीये, भाडं दोन्हीकडे भरणार. एकाच ठिकाणी वर्षापेक्षा जास्त राहायचं ठरलं की ते तात्पुरतं धरत नाहीत. बऱ्याच जणी घर सोडून देतात आणि स्टायपेंड मात्र बिनटॅक्सचा घेतात, मला तसलं काही करायचं नाही, तुम्ही आम्हाला असं शिकवलेलं नाही. टॅक्सचा पगार कमी म्हणजे सोशल सिक्युरिटीत, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनमध्येही कमी जमा होतं, तेही मला माहितीय, म्हणून रिटायरमेंटचे पैसे मी वेगळे टाकणार आहे.

अजून एक गोष्ट, जी मी तुमच्यापासून लपवली होती. हे पहिलं कॉन्ट्रॅक्ट नाही, आधी एक मिळालं होतं आणि जॉइन व्हायच्या नऊ दिवस आधी त्या हॉस्पिटलने कॅन्सल केलं. मी पर्मनंट जागा तेव्हा सोडलेली नव्हती म्हणून वाचले, पण दोन रात्री झोप लागली नाही. त्यानंतर तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आणि यावेळी कॉन्ट्रॅक्ट ओळ न ओळ वाचलं, कॅन्सल केलं तर काय, शिफ्ट कमी दिल्या तर ३६ तासांचे पैसे मिळणार का, इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून आहे का. रिक्रूटर गोड बोलतो, बोलू दे, पण कागदावर नसेल तर ते नाहीच असं मी धरते. मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत मीच विचारलं की रात्री एका नर्सला किती पेशंट, आणि फ्लोट करणार तर कुठल्या युनिटला, कारण दुसऱ्या वॉर्डात पाठवायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी ट्रॅव्हलरला आधी पाठवतात. कॅलिफोर्नियात टेलिमेट्रीला एका नर्समागे ४ पेशंट हे नियमातच आहे, इतर बहुतेक राज्यांत असा आकडा कायद्यात नाही, तो आपणच विचारून घ्यावा लागतो. पुढे कॅलिफोर्नियालाही जायचंय, पण तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतं. टेक्सासचं माझं लायसन्स मल्टिस्टेट आहे, ४० पेक्षा जास्त राज्यांत चालतं, ॲरिझोना त्यातलंच, कॅलिफोर्निया नाही.

आणि आई, जॉइन व्हायच्या कागदपत्रांत लसींचा पुरावा लागतो, तेव्हा तुझी आठवण आली. तू माझं लहानपणीचं लसीचं कार्ड इतकी वर्षं जपलंस आणि फोटो पाठवलास, त्यात गोवराची लस आहे पण रुबेलाची नाही, म्हणून रक्त देऊन टायटर काढले, म्हणजे त्या त्या रोगाविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात किती आहेत ते मोजलं. रुबेलाचा कमी आला, लस घेतली. कांजिण्यांचा मात्र पॉझिटिव्ह! दुसरीत असताना झाल्या होत्या ना, तू रात्र रात्र माझे हात धरून बसायचीस मी खाजवू नये म्हणून. त्याचा पुरावा अजून रक्तात आहे, तो रिपोर्ट मी एजन्सीला पाठवला आणि मग जरा रडलेच.

ओरिएंटेशन जेमतेम आहे, एक दिवस क्लास आणि दोन रात्री कोणाबरोबर तरी, मग स्वतःचे पेशंट. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. एक पांढरी टेप घेऊन ठेवलीय.

शनिवारी सकाळी गाडीने निघते, आय-१० हायवे, एकच रस्ता आहे सरळ, फोर्ट स्टॉकटनला मुक्काम, रविवारी संध्याकाळपर्यंत टूसॉन. पोचले की मेसेज करते. पहिला आठवडा हॉटेलात आणि खोली प्रत्यक्ष बघूनच डिपॉझिट देणार, त्याची काळजी करू नका.

ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे तुमच्यात-माझ्यात कायम साडेबारा तास. माझी शिफ्ट साडेसातला सुटेल तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे आठ. पार्किंगमधून गाडीत बसले की फोन करेन, बाबा, तेव्हा बातम्यांचा आवाज जरा कमी ठेवा.

तुमची,
बेटी