माझी प्रतिकारशक्ती कृपया वाढवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या उपायांवर पानभर लेख आला. आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यामुळे मी तो लगेच वाचायला घेतला. वाचून झाल्यावर पुरवणीची घडी घालायला गेले, तर बोटं वळेनात. मला आमवात आहे. सकाळी उठल्यावर पहिला तास-सव्वा तास ब्रशवर पेस्ट काढणंसुद्धा जमत नाही. या दुखण्यामागे कुठलाही जंतू माझ्या सांध्यांत शिरलेला नाही. माझीच प्रतिकारयंत्रणा माझ्या सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते आहे, आणि तिला आवर घालायला मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेते. (एकदाच! हे औषध चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकिटावर वार लिहून ठेवला आहे.) थोडक्यात, मी औषध घेते ते प्रतिकारशक्ती कमी करायला. आणि भेटायला येणारा दर दुसरा माणूस सांगतो, "मॅडम, तुमची इम्युनिटी कमी पडतेय, ती जरा वाढवा."

दोष थोडा आपल्या शब्दाचाही आहे. 'शक्ती' म्हटलं की जितकी जास्त तितकी चांगली, असं आपण गृहीतच धरतो. इम्युनिटी या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ करातून किंवा सक्तीच्या कामातून मिळालेली माफी असा आहे. त्यात ताकदीचा मागमूस नाही.

वर्गात एकदा एका मुलाने विचारलं होतं, "पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000 नॉर्मल, मग 40,000 असणारा माणूस जास्त सुरक्षित ना?" सगळे हसले, पण आपला लेख याच हिशेबावर उभा आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 40,000 पांढऱ्या पेशी दिसल्या, तर डॉक्टर मोठा संसर्ग शोधतात, नाहीतर रक्ताचा कर्करोग. त्या मुलाला मी उत्तर देण्याऐवजी पुवाची एक रंगवलेली स्लाइड दाखवली. न्यूट्रोफिल नावाच्या, गुलाबी रंगलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांचं तीन-चार तुकड्यांत दुमडलेलं केंद्रक, आणि काही पेशींच्या पोटात जांभळ्या गोल जिवाणूंचे घोस. बाकी सगळा फाटक्या, मेलेल्या पेशींचा खच. जिवाणू मारायला या पेशी जी रसायनं ओततात, ती आजूबाजूचं आपलं मांसही विरघळवतात. गळू ठणकतं त्याला जिवाणूंइतकाच आपला हा बंदोबस्तही जबाबदार असतो. ताप, सूज, शेंबूड यांचंही तसंच: यातलं बरंचसं काम आपल्या बाजूचं.

ही यंत्रणा खरोखरच 'वाढवली' तर काय होतं, हे एकदा माणसांवर दिसलं आहे. 2006 साली लंडनमध्ये एका नव्या औषधाची चाचणी झाली. ते टी पेशींना (प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) चेतवणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, होतं आणि, योगायोग पाहा, ज्या आजारांसाठी ते बनवलं जात होतं त्यात माझा आमवातही होता. माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी मात्रा सहा धडधाकट तरुणांना दिली गेली. दीड तासाच्या आत डोकेदुखी, थंडी, उलट्या सुरू झाल्या. पुढच्या काही तासांत सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले आणि सगळे अतिदक्षता विभागात. संसर्ग कुणालाच नव्हता. सहाही जण वाचले, पण एकाने पायाची बोटं गमावली.

म्हणूनच या यंत्रणेत पेशी घडवण्याइतकीच मेहनत त्यांना आवरण्यावर खर्च होते. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी पेशींपैकी बहुतांश तिथेच मरतात. त्यातल्या ज्या स्वतःच्या शरीरावर उलटतील अशा असतात, त्या तिथेच मारल्या जातात. तरी काही निसटतात. त्यांना दाबून ठेवणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्रेकच्या शोधाला नोबेल मिळालेलं असताना आपण वाचकांना अ‍ॅक्सिलरेटरच दाखवत बसलो आहोत.

मग चांगली प्रतिकारयंत्रणा ओळखायची कशावरून? माझ्या मते, आठवणीवरून. 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पीटर पॅनम या तरुण डॉक्टरने घरोघर फिरून नोंदी केल्या. पावणेआठ हजारांच्या वस्तीत सुमारे सहा हजार माणसं आजारी पडली. पण 1781 च्या साथीत लहानपणी गोवर येऊन गेलेली जी म्हातारी माणसं हयात होती, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधली 65 वर्षं बेटांवर गोवर नव्हता. लस हेच करते: आजार न भोगता एका ठरावीक शत्रूची ओळख करून देते. ती ओळख गोवराची असेल तर कांजिण्यांना काही उपयोगाची नाही. सरसकट सगळ्याच रोगांविरुद्ध काम करेल अशी लस कुठे असते? मग प्रतिकारशक्ती सरसकट वाढवणारी पूड तरी कुठून असणार?

कुपोषण, 'अ' जीवनसत्त्वाची किंवा जस्ताची कमतरता, अपुरी झोप यांनी प्रतिकार खरोखर खचतो आणि ती उणीव भरून काढली की सावरतो, हे मला मान्य आहे. लेखात तेवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. पण उणीव भरणं आणि भरलेल्यात आणखी ओतणं या दोन गोष्टी लेखिकेने एकाच वाक्यात बसवल्या आहेत.

एक विनंती आहे. यापुढे असा मजकूर छापताना निदान चौकट तरी द्यावी: आमवात, ल्युपस यांसारखे, स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटल्याने होणारे आजार असलेल्यांनी, तसंच मूत्रपिंड किंवा यकृताचं रोपण झालेल्यांनी यातलं काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रोपण झालेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा खरंच जोमाने कामाला लागली, तर तिचा पहिला बळी ते नवं मूत्रपिंडच असेल. आणि चौकटीचा टाइप कृपया मोठा ठेवा, कारण हे आजार असलेल्या आमच्यापैकी बऱ्याच जणांना आता चष्मा लागतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका