'प्रवेश बंद' नेमका कोणाला?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, एस.टी. थांब्यापासून दीड किलोमीटर आत आहे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची चित्रफीत मोबाईलवर आली आणि आठवडाभरात वेशीवर 'अनोळखी फेरीवाले व भिक्षेकरी यांना प्रवेश बंद' असा फलक उभा राहिला. गेल्या महिन्यात बांगड्या, पिना व काळी पोत विकणाऱ्या दोन बायांना चावडीजवळ अडवण्यात आले. रंग काळा, लुगडे मळके आणि आपसातली बोली आपल्याला न कळणारी, एवढा पुरावा जमलेल्यांना पुरेसा वाटला. 'पारधी दिसून राह्यल्या,' असे कोणीतरी म्हणताच दोन-तीन काठ्याही आल्या. पोलीस पाटील वेळेवर पोहोचले, म्हणून प्रकरण आधार कार्ड पाहण्यावर निभावले. (त्यातली एक बाई आमच्याच तालुक्यातील मतदार निघाली.) मी त्या घोळक्यात होतो आणि पाटील येईपर्यंत गप्प होतो, हेही येथे लिहिले पाहिजे.

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेवरून, भिक्षेवर पोट असलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडूनही त्यांना मारहाण झाली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आमच्या वेशीवर मात्र तो नव्या रंगात रंगवून लावला आहे, असे मला वाटते.

गावाला आजवर ज्यांनी खरोखर बुडवले, ते बोगस बियाणे विकणारे आणि दामदुपटीच्या योजना सांगणारे लोक इस्त्रीच्या कपड्यांत, चारचाकीतून आले होते. तेही अनोळखीच होते, पण त्यांना आम्ही ओसरीवर बसवून चहा पाजला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केल्यास त्यातील प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. काठी घेऊन धावणाऱ्या आमच्या पोरांना हे कोणी सांगितलेले नाही.

फलक काढण्याचा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी लेखी दिला आहे. तो विषयपत्रिकेवर घेतला की नाही, हे अद्याप मला कळवण्यात आलेले नाही.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ